बैलचोर खापरपणजोबा आणि येशू

ती माझी पाचवी मुलाखत. सांगलीतल्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची कायमची जागा होती आणि अर्ज करायचं वय संपत आलं होतं. ही गेली की जन्मभर तासिकेवर राबायचं, हे पक्कं ठाऊक होतं.

समोर चौघं. त्यातल्या एका प्राध्यापकांनी खडा टाकला, "प्रबंधात येशूला खरा माणूस धरलाय. नाणं नाही, शिलालेख नाही. पुरावा कुठाय? आणि तुम्ही तर जैन, तुम्हाला काय पडलंय?"

असा राग आला म्हणता! पण जीभ आवरली. म्हटलं, "ख्रिस्ती लोकांचा तिटकारा असलेला रोमन इतिहासकारच लिहितो, की त्यांच्या गुरूला सुभेदारानं मारलं. शिवाय त्या काळातल्या एका पत्रात येशूच्या भावाला भेटल्याचं लिहिलंय. दंतकथेतल्या माणसाच्या भावाला कुणी भेटून येत नाही, सर."

"मागाहून रचलं असेल."

तेव्हा मला आमचा हेळवी आठवला. आमच्याकडं दर चार-पाच वर्षांनी तो बैल घेऊन दारात येतो, चोपडीतून घराची वंशावळ वाचतो, धान्य घेतो नि जातो. खापरपणजोबांवर आला की आमचे आजोबा खोकायला लागायचे, कारण पुढचं वाक्य ठरलेलं, "ह्येनं बैल चोरला आन गाव सोडून पळाला."

"आवं, तेवढं खोडा की. पोतंभर शाळू घ्या वर," आजोबा अजीजीनं म्हणायचे.

"बापानं लिवलंय, मी कसा खोडू?" हेळवी काही बधायचा नाही.

सगळं सांगितलं नि म्हटलं, "रचायचंच असतं तर आम्ही पाटील रचला असता, चोर कशाला? क्रूस म्हणजे तेव्हा गुलाम-दरोडेखोरांचं मरण. आपल्या तारणहाराला असलं मरण कोण रचील? चमत्कारांचं मी बोलत नाही. माणूस होता, एवढंच."

"घरात चोर होता हे सांगताना लाज नाही वाटली?"

"लय वाटली, सर. म्हणून तर ते खरं आहे."

ते खो-खो हसले. महिन्याभरात नेमणुकीचं पत्र आलं. मी घरभर नाचले, वयाची लाज न बाळगता!

"म्हंजे बैलचोरानं नोकरी लावली म्हण की," आजोबा म्हणाले.

पुढच्या खेपेला हेळवी आला. खापरपणजोबांचं पान निघालं, तेव्हा आजोबा अजिबात खोकले नाहीत. उलट सोप्यात शेजाऱ्यांना बोलावून बसवलं होतं.

"आवं," ते म्हणाले, "जरा मोठ्यानं वाचा."