पळसावरची पिल्लं

मी तुडतुड्यांच्या नव्या जातींची वर्णनं लिहिते. तांदळाच्या दाण्याएवढा किडा; त्याची जात रंगावरून नाही, नराच्या जननेंद्रियावरून ठरते. म्हणून लग्नाच्या मांडवात कुणी ‘काय करतेस?’ विचारलं, की मी ‘शेतीखात्यात आहे’ असं ठोकून देते.

माझ्याकडे एकच नर होता. माझ्या गावी, कोंढ्याला, आमच्याच अंगणातल्या दिव्यावर आलेला, कुठल्याही माहीत जातीशी न जुळणारा. पण एका नमुन्यावर नवी जात जाहीर करायला आमचे सर तयार नव्हते. ‘हाच एक व्यंगाचा निघाला तर?’ म्हणाले. आणखी नर हवे होते आणि तो राहतो कुठल्या झाडावर, तेच कळत नव्हतं. पावसाळाभर जाळी घेऊन वेड्यासारखी हिंडले.

पोळ्याच्या दिवशी घरी गेले, तर आईनं दाराशी खोचलेल्या पळसाच्या फांदीवर, पानाखाली, पिल्लं! डोक्यावर माझ्या त्या नरासारखाच काळा पट्टा. पिल्लावरून जात ठरत नाही, ती मोठी व्हायला हवीत. मी फांदी अलगद काढून पडवीत पाण्याच्या बादलीत ठेवली. सकाळी जाळीच्या पिशवीत घालून भंडाऱ्याला प्रयोगशाळेत न्यायची होती. माझ्या डब्या-बाटल्यांना घरात कुणी हात लावत नाही, म्हणून निर्धास्त झोपले.

उठले तर बादली रिकामी. बाहेर आरोळ्या चालल्या होत्या, “माशा, मोंगसे, तुडतुडे घेऊन जा गे मारबत!” पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दारोदारच्या त्या फांद्या उपटून शिवेवर मारबतीच्या पुतळ्यासोबत जाळतात. हे मला लहानपणापासून ठाऊक, आणि तरी डोक्यात आलं नाही! अनवाणी धावले. धानाच्या तणसाचा जाळ चांगला पेटला होता आणि आई हात झटकत परत येत होती.

“बादलीतली फांदी कुठंय?”

“टाकली ना जाळात, सबनच्या पयले! तुडतुडे भरले होते वं तिच्यावर. तूच त सांगत रायतेस, तुडतुडे बसले का धान गेला.”

धानावरचे तुडतुडे वेगळे, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

आईनं फांदी तोडली होती तो तलावाच्या पाळीवरचा पळस गाठला. पोळ्यासाठी अर्ध्या गावानं त्यावर कोयता चालवला होता. उरलेल्या पानांवर दुपारपर्यंत जाळी फिरवली. एकही नाही.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती माझ्यापेक्षा जास्त हादरली. मग हळूच म्हणाली,

“आन दुनियेत थे तेवढेच असन त?”