सारवलेली फरशी

मेलेल्या माणसाची मला कधी भीती वाटली नाही. मरणाला टेकलेल्यांची सेवा करणं हेच माझं काम होतं. जाताना माणसं पुष्कळ बोलतात... नवरा दिसतो, दारात कोणी उभं आहे... मी ‘बरं’ म्हणायची आणि त्यांची कूस बदलायची. भूतखेत मानत बसले असते तर पोट भरलं नसतं. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण डोळे शाबूत होते. तेव्हा पुढचं वाचून ‘भास झाला असेल’ असं मला कोणी सांगू नये.

१९९९ साल. मस्कतमधलं अल् घुब्रा, तिसऱ्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट. माणसं मूळची पुण्याची. त्यांच्या नातलगांकडे मी आधी काम केलं होतं, म्हणून व्हिसा काढून मला नेलं. आजी अर्ध्या अंगाने लुळ्या, त्यात पोटाचा कॅन्सर. डॉक्टरांनी हात टेकले होते. त्यांचा मुलगा, त्याला मी दादा म्हणायची, कंपनीत कामाला. सून शाळेत शिकवायची. सकाळी सात ते दुपारी दोन घरात मी आणि आजी. दाराला आतून कडी.

आजींचा जीव लेकीत अडकला होता. लेक नागपूरला, तिचा व्हिसा काही केल्या होत नव्हता. जीभ जड झालेली, तरी दिवसातून दहादा विचारायच्या, “कुसुम आली?” दादा म्हणाले, “बाई, ताई येईपर्यंत आईला सांभाळा. बाकी काही मागत नाही.” मी शब्द दिला. असला शब्द देऊ नये, पण दिला.

त्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास गॅलरीत कपडे वाळत घालून आत आले. पलंग रिकामा! कठडा वर लावलेला तसाच. आजी खाली फरशीवर... उताण्या, पाय दक्षिणेला, दोन्ही हात पोटावर. लघवीची पिशवी शेजारी नीट ठेवलेली, नळीला पीळसुद्धा नाही. माणूस पडलं तर नळी ओढली जाते, रक्त येतं. या पडल्या नव्हत्या. शेवटच्या घटकेला आपण माणसाला खाली घेतो, तसं यांना कोणीतरी खाली घेतलं होतं.

आणि फरशी ओली होती. बोट लावून नाकाशी नेलं. शेण. ताजं. माणूसभर लांब सारवलेलं, बोटांचे फराटे दिसत होते.

शेजारी दापोलीकडची जुबेदाभाभी राहायची. तिला हाक मारली. दोघींनी चादरीत धरून आजींना वर घेतलं. भाभी नाक दाबून म्हणाली, “बाय गो, तिसऱ्या माळ्यावर म्हैस बांधलीस काय?”

“बांधली. धार काढायला तू ये,” मी म्हटलं.

मग मी फरशी पुसली. बादलीतलं पाणी हिरवं झालं, तेव्हा भाभीचं हसू थांबलं.

दादांना सांगितलं तर ते माझ्यावरच उखडले. “जिवंत माणसाला खाली घेतलंत? ताई यायच्या आत?”

“मला एकटीला उचलतील का त्या? भाभीला विचारा.”

“मग कोणी घेतलं?”

“ते तुम्ही सांगा. घर तुमचं आहे.”

दादा बुधवारी रजा टाकून घरी बसले, मग तिथल्या सुट्टीचे गुरुवार-शुक्रवार आले. काही झालं नाही. शनिवारी ते कामावर गेले. मी अंग पुसायला कोमट पाणी आणायला आत गेले, आले तो आजी पुन्हा खाली. सारवण तसंच. या वेळी नखं निळी पडलेली, श्वास लांब लांब. तोंडात तुळशीचं पान. त्या घरात तुळस नव्हती. खाली घेतलं की अडकलेला जीव सुटतो, हे मला माहीत होतं. मी बोट घालून पान बाहेर काढलं, भाभीला ओरडून बोलावलं आणि आजींना वर घेतलं. रिकाम्या खोलीला बजावलं, “आत्ता नाही. मी सोडणार नाही.”

त्यानंतर जुन्या साडीची पट्टी त्यांच्या मनगटाला आणि माझ्या मनगटाला बांधून बसले. त्यांची कूस बदलणं, ओल्या कापसाने ओठ पुसणं, सगळं तसंच बांधलेल्या हाताने. भाभी डबा घेऊन यायची. म्हणाली, “जाणाऱ्याला असं धरून ठेवू नये, बाय. अल्लाला घाबर.”

“लेकीचं तोंड बघू दे. मग सोडते.”

अखेर व्हिसा झाला आणि सोमवारी दुपारी कुसुमताई एअरपोर्टवरून सरळ आल्या. आजींनी ओळखलं. चांगला हात उचलून लेकीच्या गालाला लावला. मी गाठ सोडली. ताई म्हणाल्या, “बाई, तुम्ही दोन घास खाऊन घ्या. मी आहे इथे.” दादा बॅगा आणायला खाली गेले होते. मी स्वयंपाकघरात पान वाढून घेतलं. तिसरा घास असेल... आजींचा आवाज आला. शब्द नव्हता, नुसतं कण्हणं.

आजी पलंगावरच होत्या. ताई खाली होत्या. पाय दक्षिणेला, हात पोटावर, अंगाखाली ओलं सारवण. अंग गरम, श्वास नाही. तोंड उघडून बघायची मला गरज नव्हती, तरी बघितलं. पान होतं.

डॉक्टरांनी हार्ट सांगितलं. प्रवासाचा ताण, म्हणाले. असेलही. ते यायच्या आत मी फरशी पुसून टाकली होती. का पुसली, सांगता येत नाही. दादांनी शेण कधीच पाहिलं नाही. पाहिलं ते मी आणि भाभीने, आणि भाभी त्यानंतर आमच्या दारात आली नाही.

आजी आणखी तीन महिने जगल्या. पाठीला जखमा, पोटात कळा. त्या तीन महिन्यांत त्यांना कोणी खाली घेतलं नाही. लेकीचं नावही त्यांनी काढलं नाही. नुसत्या माझ्याकडे बघायच्या. मला ते बघणं आवडत नसे.

मी पान काढलं नसतं तर त्या शनिवारीच सुटल्या असत्या. ताई मातीला आल्या असत्या आणि माती करून परत गेल्या असत्या. एवढा हिशेब मला कळतो. कोण आलं होतं, शेण कुठून आणलं, ते कळत नाही. इतकी वर्षं झाली, कोणाला सांगता आलं नाही.

शेवटी एका सकाळी आजींना घरघर लागली. दादा पुढे झाले, “बाई, आता खाली घेऊ या.”

मी कठडा दोन्ही हातांनी धरला. “नाही. आधी घरातली सगळी माणसं बाहेर जाऊ देत. मग मी एकटी घेते.”

“तुम्हाला एकटीला उचलतील का त्या?”

“उचलायची गरज पडायची नाही,” मी म्हटलं.

दादांनी बायकोला हाताला धरून बाहेर नेलं. मी पलंगाकडे पाठ करून उभी राहिले. वळले तेव्हा आजी खाली होत्या.