भूमचे पाहुणे आणि माझा चौथा दिवस

माझ्या मुलीचं लग्न माझ्या मरणामुळं मोडता मोडता राहिलं, आणि ज्या घटकेला मी मेलो त्या घटकेला मी कोपऱ्यावर भाजीवाल्याशी हुज्जत घालत होतो.

सुरुवात आमच्या सासऱ्यांपासून केली पाहिजे. (आमच्या घरातली प्रत्येक गोष्ट तिथूनच सुरू होते.) आप्पांचं तुळजापुरात देवळाच्या वाटेवर हळदी-कुंकवाचं दुकान. सासूबाई गेल्या, दुकान मेहुण्यानं हातात घेतलं, आणि आप्पा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी धाराशिवला आमच्याकडं आले. डोळ्याला हिरवी पट्टी लागली, दसरा झाला आणि देवी निजली. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की तुळजाभवानी पलंगावर निजते ती कोजागिरीलाच उठते, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तेवढे दिवस काही भक्त गादी-पलंग सोडून जमिनीवर झोपतात. आप्पाही झोपतात. इथवर कुणाचीच तक्रार नव्हती.

पण आप्पांची भक्ती एक पाऊल पुढं होती. देवी झोपलीय ना? मग तिची झोपमोड होता कामा नये!

"आप्पा, तुळजापूर इथनं पाऊण तासावर हाय," मी म्हणालो. "एसटीनं."

"आईला काय एसटीनं ऐकू येतंय व्हय, जावईबापू?"

जावई म्हणून माझा दरारा पहिल्या दिवाळसणालाच संपलेला. मी गादी गुंडाळून भिंतीला लावली.

एकादशीला टीव्ही, मिक्सर आणि कुकर बंद झाले. द्वादशीला फोडणी बंद झाली, कारण मोहरी तडतडते. तेरसीला मी स्वतः स्टुलावर चढून दारावरच्या बेलची वायर काढली. सुनंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, बांगड्या किणकिणत होत्या. त्या काढायच्या नाहीत (सवाष्णीनं कशा काढायच्या?), म्हणून आप्पांनी त्या कोपरापर्यंत सरकवून वर रुमाल बांधायला लावले. मंगळसूत्राच्या वाट्या एकमेकींवर आपटतात म्हणून ते पदराखाली गेलं. दसऱ्याच्या तोरणातली आंब्याची पानं वाळून वाऱ्यानं खुळखुळ वाजायला लागली, तेव्हा तोरणही उतरलं. त्यातली झेंडूची माळ अजून बरी होती. झेंडू वाजत नाही. टाकवेना म्हणून सुनंदानं ती समोर दिसलेल्या पहिल्या खिळ्याला अडकवली.

त्या खिळ्याला माझा फोटो होता. ऑफिसातल्या सत्काराचा. मी तो रोज बघतो, त्यामुळं मला त्यात काही वेगळं दिसलं नाही.

आणि चतुर्दशीला भूमचे पाहुणे येणार होते! आमच्या प्राजक्तानं स्वतःच मुलगा पसंत केला होता. मुलगा वाशीला नोकरीला, सरळमार्गी. तो ड्युटीवर, पण त्याचे आई-वडील घर बघायला येणार होते. त्यांनी हो म्हटलं की सुपारी फोडायची, एवढंच राहिलेलं.

"पप्पा," प्राजक्ता आदल्या दिवशी माझ्या कानात म्हणाली, "एवढं एक तरी नीट होऊ द्या." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आजोबांना दुखवायचं नव्हतं, आणि मुलगाही हातचा घालवायचा नव्हता. मी तिला शब्द दिला. (कुजबुजत.)

चतुर्दशीच्या सकाळी कोपऱ्यावर भाजीवाल्याचा भोंगा सुरू झाला, आप्पांनी दोन्ही कानांवर हात ठेवले, आणि घरात कलह नको म्हणून मी अनवाणी धावलो. चपला हातात होत्या. चपलांचा आवाज होतो.

"भोंगा बंद कर बाबा, देवी झोपलीय."

"मग म्या इकू कसं? हातवारे करून?"

शेवटी तह झाला. त्यानं भोंगा बंद करायचा आणि त्याचे दुधी मी घ्यायचे. सगळे.

पुढचं मी नंतर घरच्यांकडून जमवलेलं आहे. पाहुण्यांना भूमहून थेट गाडी मिळाली आणि ते तासभर आधीच पोचले. मुलाचे वडील नानासाहेब बैलबाजारातले जुने व्यापारी. त्यांचा आवाज बाजाराच्या या टोकाला निघाला की त्या टोकाचा बैल मान वर करतो. त्यांनी बेल दाबली. शांतता. दार वाजवलं. सुनंदानं दार उघडलं ते नुकतं तोंड धुतलेलं, कपाळावर टिकली नाही, गळ्यात काही दिसत नाही, हातांना फडकी, चार रात्री फरशीवर काढून डोळे सुजलेले, आणि ओठांवर बोट.

नानासाहेबांच्या घशातला 'रामराम' घशातच राहिला.

आत पलंग उभे करून भिंतीला लावलेले. खाली सतरंजी. कोपऱ्यात डोळ्याला पट्टी बांधलेले एक वृद्ध गृहस्थ गप्प. आणि समोर भिंतीवर, हार घातलेला मी!

दोघं सतरंजीच्या कडेला टेकले.

"कवापासनं?" नानासाहेबांनी विचारलं. इतक्या हळू ते जन्मात बोलले नव्हते.

सुनंदाला वाटलं, घराच्या या अवकळेबद्दल विचारतायत. "एकादशीपासनं. आज चौथा दिवस."

"आवं, आमाला कळवायचं तरी!"

"कशाला? येवढ्यातेवढ्यापायी पोरीचं अडायला नको म्हणलं."

मुलाच्या आईनं, मालनबाईंनी, नवऱ्याकडं बघितलं. येवढ्यातेवढ्यापायी!

पण बाई मायाळू. त्या पुढं सरकल्या आणि सुनंदाचा हात हातात घेतला. "ताई, तुमी कसं निभावताय वो?"

आता चार दिवसांत सुनंदाला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. वडिलांना देवीची काळजी होती, मला वडिलांची. तिला एकदम भरून आलं. "काय सांगू," ती हुंदके दाबत म्हणाली, "अंग मोडून गेलंय नुसतं. पर बोलायची सोय न्हाय. मोठ्यानं रडायची सुदिक न्हाय."

"मी तिला तेच सांगतोय," कोपऱ्यातून आप्पा पुटपुटले, "एक दिवस कळ काढ. उद्या कोजागिरी. दूध आटवू, चांदण्यात बसू, सगळं पयल्यासारखं!"

नानासाहेब आप्पांकडं बघतच राहिले.

तेवढ्यात प्राजक्ता आली. नवी साडी, केसांत गजरा, चेहऱ्यावर हसू. हातात कागदी कपांतला चहा (कपबशी वाजते) आणि बिनफोडणीचे पांढरेफटक पोहे. त्या पोह्यांनी उरलासुरला संशय फिटला. फोडणी बंद, पलंग बंद! सुतकाचं घर याहून वेगळं कसं असतं?

"पोरीला सांगितलं न्हाय वाटतं अजून," मालनबाई नवऱ्याच्या कानात म्हणाल्या.

कुणी पोह्यांना हात लावला नाही. कुणी तिला शिक्षण विचारलं नाही, स्वयंपाक विचारला नाही. दोघं तिच्याकडं नुसते कळवळून बघत होते. प्राजक्ताचं हसू उतरलं. आपण नापास झालो, आणि तेही काही न विचारता, एवढंच तिला कळलं. ती ट्रे घेऊन दाराशी उभी राहिली.

पाहुणे उठले. 'येतो' म्हणाले नाहीत. (अशा घरातून निघताना म्हणत नाहीत.) सुनंदा कुंकवाचा करंडा घेऊन पुढं आली, तर मालनबाई दोन पावलं मागं सरल्या. जाता जाता नानासाहेब माझ्या फोटोसमोर थांबले आणि हात जोडले.

"माणूस लई चांगला होता," ते म्हणाले. "तोंडावरनंच कळतंय."

नेमका तेव्हाच मी मागच्या दारानं आत आलो. अनवाणी. एका हातात चपला, काखेत दुधी, पावलांचा आवाज नाही. पाहुण्यांची पाठ दिसली. आप्पा रागावायला नकोत म्हणून मी ओठांवर बोट ठेवलं आणि नानासाहेबांच्या खांद्याला हळूच हात लावला.

ते वळले. त्यांनी फोटोकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मी हसलो.

पुढं जो आवाज निघाला तो बैलबाजारात आयुष्य घालवलेल्या माणसाचाच होता. मालनबाई ओरडल्या, ते ऐकून सुनंदा, प्राजक्ताच्या हातून ट्रे पडला, मी दचकून दुधी सोडले, आणि गल्लीतली सगळी कुत्री चार दिवसांची कसर भरून काढायला लागली. मग सगळे एकदम बोलायला लागले. "भूत!" "भूत न्हाय, पप्पा हायेत!" "मग मेलं कोण?" "कुणी न्हाय!" "मग हार कशाला?" "झेंडू वाजत न्हाय म्हणून!"

या गलक्यात आप्पा तेवढे उभे राहिले होते. पट्टी नसलेल्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. तुळजापूरच्या दिशेला हात जोडून ते म्हणाले, "उठवली! आईला उठवली रे तुमी!"

घर पुन्हा चिडीचूप झालं. मला आप्पांचा राग यायला हवा होता. पण त्या क्षणी त्यांची फार दया आली.

मालनबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "आप्पा," त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "माझी चार लेकरं. मी दुपारची पडले की कालवा करून घर डोक्यावर घ्यायची, आन मी ढाराढूर झोपायची. झोप मोडायची कवा, तर घर गप झाल्यावर. म्हणायची, गप का? काय झालं लेकरांना? चार दिस तुमचं घर गप हाय. आई कशाची झोपतीय? जीव टांगणीला लागला आसंल तिचा."

आप्पा हळूच खाली बसले. आमच्या सासूबाई गेल्यापासून तुळजापूरचं त्यांचं घरही असंच गप होतं, हे मला तेव्हा आठवलं.

"सुनंदा," ते म्हणाले, आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्यांचा खरा आवाज ऐकू आला, "पावण्यांच्या पोह्याला फोडणी दे. मोहरी जरा जास्तच घाल."

मोहरी तडतडली तसे आप्पा एकदा दचकले. पण उठले नाहीत.

लग्न दिवाळीनंतर लागलं. वाजतगाजत लागलं, बँड आप्पांनीच ठरवला. जेवणात दुधीची भाजी नको, एवढी एकच अट प्राजक्तानं घातली.

आता वर्ष होत आलं. व्याह्यांचं आमच्याकडं येणं-जाणं आहे. मला ते आतून-बाहेरून ओळखायला लागलेत, आणि 'माणूस लई चांगला' हे वाक्य त्यानंतर एकदाही म्हणालेले नाहीत.