दिनविशेषात न बसलेल्या बाया

कापसाचे भाव कोसळले त्या वर्षांत मी यवतमाळच्या एका छोट्या दैनिकात ‘दिनविशेष’ लिहायचो. आजच्या तारखेला कोणता राजा गादीवर बसला, कोणतं जहाज बुडालं, असलं सगळं. एका हिवाळ्यात पांढरकवड्याजवळ तांड्यावरच्या बायांनी कापसाच्या बैलगाड्या हायवेवर आडव्या लावून दिवसभर ट्रक अडवले. मी तिथं उभा राहून ते पाहिलं होतं. पुढच्या वर्षी त्या तारखेला मी एवढी एक ओळ सदरात घातली.

संपादकांनी ती खोडली. “हे काहून टाकलं? दिनविशेषात इतिहास पाहिजे. ह्या बाया इतिहास आहेत का?”

“मग कोण आहे?” मी विचारलं.

त्यांनी तिथं परदेशातल्या कुठल्याशा राणीचं लग्न बसवलं. मी नोकरी सोडली. मग संपादकसाहेब ते सदर स्वतःच जुन्या कॅलेंडरांवरून उतरवू लागले. एकदा तर त्यांनी एका शास्त्रज्ञाला मेल्यानंतर जन्माला घातलं. गावानं पुढं त्यांचा ‘इतिहासाचे अभ्यासक’ म्हणून शाल-नारळ देऊन सत्कार केला. मलाही निमंत्रण होतं. मी घरी झोपून राहिलो.