घासाआधीचे आभार

चार दिवस आई नुसत्या सलाइनवर होती. अर्धांगाच्या झटक्यानं वाचा गेली होती, पण गिळता येतंय, असं लोणावळ्यातल्या दवाखान्याच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं. मी पेजेचा चमचा तोंडाशी नेला की ती डोळे मिटायची आणि ओठ घट्ट आवळायची. संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालू, असं डॉक्टर त्या सकाळी सांगून गेले. मी आईवर चिडले, आणि देवावर त्याहून जास्त. त्याच्याशी तर वडील गेल्यापासून, नऊ वर्षं, माझा अबोलाच होता.

वडील वलवणला मास्तर होते. रविवारी चर्चमधून आलो की ताटावर बसून येशूची गोष्ट सांगायचे. यहूदी घरातला, गव्हाणीत ठेवलेलं बाळ, सुताराच्या हाताखाली वाढलेला. शेवटच्या जेवणात त्यानं भाकर घेतली, देवाचे आभार मानले, ती मोडली आणि हे माझं शरीर म्हणून शिष्यांना वाटली. मग आपल्या सगळ्यांच्या पापांसाठी क्रूसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला, आणि त्याच्या कोळी मित्रांनी ही बातमी गावोगाव नेली. चर्चमध्ये आपण भाकर आणि प्याला घेतो, ती त्याचीच आठवण. आमच्या मराठी प्रार्थनेतही रोजची भाकरच मागतात, त्यामुळे येशू मावळातलाच, बहुधा जवळच्या भाजे गावचा असावा, अशी माझी लहानपणी खात्री होती. वडील पोट धरून हसायचे. मग तांदळाची गरम भाकरी दोन्ही हातांत धरून आभार मानायचे. आमेन झाल्याशिवाय कुणी तुकडा मोडायचा नाही. इकडे पोटात कावळे ओरडायचे आणि त्यांची प्रार्थना काही केल्या आटपायची नाही. ती भूक, ते वाट बघणं मला आता फार हवंहवंसं वाटतं.

दवाखान्यात शेजारच्या खाटेवर भाज्याच्या एका मावशींचे यजमान होते. दुपारी मावशींनी डबा उघडला, अन्नाला नमस्कार केला आणि माझी चमच्याशी चाललेली झटापट बघत राहिल्या.

"पोरी, रागावू नगंस," त्या म्हणाल्या. "पर तुमच्यात जेवायच्या आदी काय म्हनत न्हाईत का? चार दिस बगतीय मी. म्हातारी डोळं मिटून कशाची तरी वाट बगती."

मी चमचा वाटीत ठेवला.

अबोला सोडायचा म्हणजे हार मानायची, आणि तीही सगळ्या वॉर्डासमोर. शेवटी वडिलांसारखी वाटी दोन्ही हातांत धरली. "प्रभो, आमची रोजची भाकर," एवढं म्हटलं आणि रडूच फुटलं. वाटीत पेज, आणि मी भाकर मागत होते! कसंबसं म्हणाले, "तू देशील ते. आमेन."

"आमे," आई म्हणाली. जड, वेडावाकडा, चार दिवसांतला पहिला शब्द. आणि तिनं तोंड उघडलं.

"व्हय, आता खाती बग," मावशी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या.

नळी लागली नाही. आई पुढे दोन वर्षं आमच्याबरोबर जेवायला बसली, आणि रोज माझ्या प्रार्थनेसाठी थांबली. याला चमत्कार म्हणावं की सवय, हे मी ठरवत बसत नाही. तू देशील ते, एवढं म्हणायला मला नऊ वर्षं लागली, याची मात्र लाज वाटते. आता ताटावर डोळे मिटले की आईवडिलांबरोबर त्या मावशींसाठीही आभार मानते. येशू भाज्याचा असावा, ही माझी लहानपणची समजूत अगदीच चुकीची नव्हती.