ठमीसाठी फिरती सीट

काटा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. बेकरीत पिठापासून मिठापर्यंत कुठलीही गोष्ट काट्यावर घातल्याशिवाय तो पुढे सरकू द्यायचा नाही, म्हणून मालकाने ते नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की बायकोसुद्धा रागावली म्हणजे त्याच नावाने हाक मारायची. तिने त्यावर कडी केली होती. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी, बेकरी बंद व्हायच्या वेळेला ती लेकीला घेऊन यायची आणि पिठाच्या मोठ्या काट्यावर बसवायची. ठमी पाय हलवायची, काटा थरथरायचा, आणि हा तिला गप्प बस म्हणून दटावायचा. आकडा मनाजोगता आला की गरम पावाचा कडक कोपरा ठमीला मिळायचा.

मग बायको गेली. ताप काय आला, दवाखान्यात काय नेलं, आणि बघता बघता सगळं आटोपलं. काट्याला रडू आलं नाही. रडून मोकळा हो, असं सांगायला अर्धी गल्ली येऊन गेली, तेव्हाही नाही. माणूस रडत नाही म्हणजे त्याला काही वाटतच नाही, असं समजणाऱ्या शहाण्यांना काय सांगणार कपाळ! खरं तर वाटायला आतमध्ये कुणी जागेवर असावं लागतं. हा कामावर जायचा, पाव भाजायचा, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचा. कुणी विचारलं तर ठीक आहे म्हणायचा, आणि ते खोटंही नव्हतं.

ठमीला तिच्या मावशीने, म्हणजे त्याच्या धाकट्या मेहुणीने, आपल्या घरी नेलं होतं. दुसरा इलाजच नव्हता. पहाटेपासून भट्टीसमोर उभा असणारा माणूस दोन वर्षांच्या पोरीचं करणार काय? त्यात वर्षानुवर्षं तापलेले ट्रे ओढून त्याचा उजवा खांदा पार आखडलेला. हात छातीच्या वर जायचा नाही, आणि वाकून अंग वळवलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पोरीला गाडीच्या मागच्या सीटवर बसवायचं कामही बायकोच करायची. अधूनमधून रविवारी तो मेहुणीकडे जायचा, सोफ्यावर बसायचा, चहा घ्यायचा आणि परत यायचा. ठमी शेजारीच खेळत असायची. तिला उचलून मात्र त्याने एकदाही घेतलं नाही. खांद्याचं निमित्त होतंच.

असं वर्ष उलटलं. शेवटी मेहुणीचा फोन आला. तिच्या नवऱ्याने तिकडच्या बालवाडीत विचारून ठेवलं होतं. दोघांना मूलबाळ नव्हतं आणि ठमीचा लळा लागला होता, हे तिने लपवलं नाही. म्हणाली, "भाऊजी, एक काय ते ठरवा. एकट्याने तिला गाडीत बसवून रोज बालवाडीत नेता-आणता येणार असेल तर या रविवारी घेऊन जा. नाहीतर ती इथेच वाढेल. मग मध्येच तिला हलवायचं नाही."

काट्याने मालकाला सांगून पहाटेऐवजी बालवाडीच्या वेळात बसणारी दुपारची पाळी घेतली आणि लहान मुलांच्या सामानाच्या दुकानात गेला. जाताना बरोबर पिठाची गोणी घेतली. अकरा किलो दोनशे ग्रॅम, अगदी मोजून. ठमीचं वजन.

दुकानातल्या बाईने आधी गोणीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि हसू आवरलं. तिने लहान मुलांसाठी गाडीत लावायच्या तीन सीट दाखवल्या. पहिली फिरतच नव्हती, म्हणजे वाकून, अंग वळवूनच मूल आत ठेवायचं, ती बाद. दुसरी फिरायची, पण तिची कळ मागच्या बाजूला होती आणि तिथे उजवाच हात लागायचा. तिसरीची कळ पुढे, मुलाच्या पायांखाली होती. ती डाव्या हाताने ओढली की आख्खी सीट दाराकडे तोंड करायची. मूल समोरून बसवायचं, पट्टा लावायचा, सीट परत फिरवायची. मूल लहान असेतो त्याची पाठ गाडीच्या पुढच्या बाजूला ठेवायची आणि मोठं झालं की तीच सीट पुढे तोंड करून लावायची. दुकानातल्या नमुन्यावर काट्याने गोणी पाच-सहा वेळा बसवली आणि काढली. बघे जमले, त्याने अंगाला लावून घेतलं नाही.

बाईने विचारलं, की पोरीला एकदा आणता येईल का? पोत्याला खांदे नसतात, आणि पट्टा तर खांद्यावर बसायला हवा. आणि हे वजन तरी कधीचं?

"आमच्या काट्यावरचं आहे," तो म्हणाला. जणू त्याच्यापुढे प्रश्नच उरत नाही.

रविवारपर्यंत त्याने बेकरीच्या मागच्या अंगणात गाडी उभी करून तालीम केली. विकत आणलेली ती तिसरी सीट गाडीच्या मागच्या सीटमधल्या आकड्यांना पक्की अडकवली, डोक्यामागची उशी सगळ्यात खाली होती ती तशीच ठेवली, पट्टे गोणीवर चापूनचोपून बसवले. डाव्या हाताने फिरव, ठेव, अडकव, फिरव. हात बसला. पोरगी घरी येणार याचा आनंद व्हायला हवा, हे त्याला कळत होतं. तो वाट पाहत होता, पण काही झालं नाही. निदान काम नीट झालं होतं.

रविवारी मेहुणीने ठमीची पिशवी फाटकापाशी आणून ठेवली आणि बाजूला उभी राहिली. मदतीला पुढे यायचं नाही, हे तिने ठरवलेलं दिसत होतं. तिचा नवरा घरातून बाहेरच आला नाही. काट्याने सीट दाराकडे फिरवली, ठमीला डाव्या हातावर घेतलं, आणि तिथेच चपापला. तिच्या भाराने हात खाली गेला. कशीबशी तिला सीटवर ठेवली, तर पट्टे तिच्या खांद्यांच्या कितीतरी खालून बाहेर येत होते. ते ओढून वर आणले, तर चाप जुळेना. तिचे गुडघे त्याच्या पोटात रुतत होते. केसही वेगळे होते, कुणीतरी कानापर्यंत कापले होते. कधी कापले?

"बाबा, दुखतंय," ठमी म्हणाली. चांगली स्पष्ट म्हणाली.

पट्टे उशीबरोबरच वर सरकतात, पण उशी वर घ्यायला दोन हात लागतात, एकाने मागची खिट्टी दाबायची, दुसऱ्याने ओढायचं. काट्याचा उजवा हात तिथवर पोचत नव्हता. तरी त्याने पुन्हा प्रयत्न केला, आणि मग पुन्हा. शेवटी हात खाली सोडला आणि मेहुणीकडे वळला.

"मोजून आणलं होतं गं," तो म्हणाला.

"कधी मोजलं होतं, भाऊजी?"

ठमीला काट्यावर बसवणारी गेली, तेव्हापासून कुणी मोजलंच नव्हतं. त्याच्या लेखी त्या दिवसापासून जगात काही वाढलंही नव्हतं.

"तिच्या आईच्या वेळचं माप धरून आलात," मेहुणी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"मला जमलं नाही," काटा म्हणाला. "तू म्हणालीस तसं. राहू दे तिला इथे."

मेहुणी जागची हलली. तिने खिट्टी दाबली, उशी वर ओढली, पट्टे सैल केले आणि चाप लावला. एका दमात सगळं केलं. मग ठमीचा फ्रॉक सारखा केला, दोनदा केला. सीट फिरवताना तिचा हात कळीवर बराच वेळ राहिला.

"घेऊन जा," ती म्हणाली. "आणखी इथे राहिली तर तुम्ही हिला ओळखणारही नाही. आणि मग मी पण सोडणार नाही."

ती आत गेली. दार लागल्याचा आवाज काट्याला ऐकू आला.

त्याने गाडी सुरू केली. ठमीचं तोंड मागे होतं; आरशात सीटच्या पाठीशिवाय काही दिसत नव्हतं. मागून ती काहीतरी पुटपुटत होती. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याने विचारलं, "ठमे, तुझे केस कुणी कापले?"

"काकांनी," ती म्हणाली, आणि मग तिची गाडी जी सुटली ती थांबेचना. काकांची कात्री, शेजारची मांजर, जिन्यावरून पडली तो दिवस, मावशी रडली तो दिवस, एक लाल चेंडू आणि तो कुठे हरवला ते. त्यातलं काट्याला काहीसुद्धा ठाऊक नव्हतं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या, तेव्हा सिग्नल सुटल्याचं त्याच्या ध्यानात आलं. त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन बंद केली.

"जिन्यावरून पडलीस तेव्हा लागलं का?" त्याने विचारलं.

"खूप," ठमी म्हणाली. "तू नव्हतास."