पूजेला बसलेली गिटार

सिरसाळ्याच्या पेठेत बसप्पांचं दोरखंडाचं दुकान आहे. दोर, ताडपत्री, साखळ्या, खिळे, कुऱ्हाडीचे दांडे. समोरच्या आडतीत मी हमाली केली. पाठीनं नाही म्हटल्यावर थांबलो. आता दिवसाचा बराच वेळ त्या दुकानाच्या पायरीवर जातो. बसप्पा उठ म्हणत नाहीत आणि त्यांचा मुलगा बसवेश चहा विचारतो. हे त्या बसवेशबद्दल आहे.

बसवेश पंचेचाळिशीचा असेल. अंगानं भरलेला, बोलायला मऊ. दोर मापावा, कापावा, सुटणार नाही अशी गाठ मारून द्यावा, त्यात त्याची खोट कुणी काढली नाही. पण त्याचं मन गिटारीत होतं. अंबाजोगाईला शिकायला होता तेव्हा कुणाची तरी हातात धरली होती, ते डोक्यात राहिलं. शिक्षण अर्धं सुटलं, दुकान आलं, लग्न झालं, मुलगी झाली. चाळिशीजवळ आल्यावर त्यानं पहिली गिटार घेतली.

ती परळीहून आणली. लाल रंग, काळी किनार, वरातीतल्या घोडीसारखी. तारा दांड्यापासून इतक्या उंच की दाबताना बोटाला काप जायचा. त्यानं थोडे दिवस दाबल्या आणि ठरवलं की गिटारच वाईट आहे. वाईट होतीच. पण बोथट कुदळीनंही खड्डा होतो, वेळ जास्त लागतो.

दुसरी आणली ती विजेवरची. तिला आवाजाचा डबा लागतो, त्याला अ‍ॅम्प म्हणायचं. मग पायानं दाबायच्या लोखंडी डब्या आल्या, त्या पेडल. एकीनं आवाज घुमतो, एकीनं फाटतो, एकीनं विहिरीतून आल्यासारखा येतो. दुकान बंद केलं की हा गोदामात बसून मोबाइलवर लोकांची पेडलं बघायचा. कुणाचं कशाहून बरं, कोणत्या तारा जास्त टिकतात, सगळं तोंडपाठ. ऐकायला माणूस मी.

"काका, हे दाबलं की आवाज दोनदा येतोय बघा."

"एकदा नीट येतोय का?"

तो हसायचा. "तुमी बी ना, काका."

हसण्यासारखं काही नव्हतं. वस्तू घेण्यात माणसाला काम केल्यासारखं वाटतं. काम झालेलं नसतं. त्याला तीन सूर सलग काढता येत नव्हते, आणि ते तो रोज वेगळ्या डबीतून काढत होता.

बसप्पांचं म्हणणं सरळ होतं. ऐंशीला टेकलेला माणूस, कपाळावर भस्म, दर सोमवारी मठात भजनाला. आवाज अजून खणखणीत. गिटारीकडे ते बघायचेच नाहीत. गोदामातून आवाज आला की गिऱ्हाइकाला सांगायचे, "काय न्हाई, पत्रा हालतोय."

एका खंडेनवमीला बसवेशनं ती लाल गिटार पूजेच्या पाटाशेजारी आणून ठेवली. आमच्याकडे नवमीला हत्यारं धुतात. तराजू, वजनं, दोर कापायची सुरी, लोखंडी गज, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडतात, पूजा करतात. त्या दिवशी हत्याराला काम लावत नाहीत. दसऱ्याला उचलायचं. माझ्या घरीही पोत्याचा हूक अजून मांडतो, हातात धरवत नसला तरी.

बसप्पांनी गिटार दोन बोटांनी उचलली आणि दाराबाहेर उभी केली.

"आप्पा, राहू द्या की," बसवेश म्हणाला.

"कावून? ज्यानं काम व्हतंय ते हत्यार. खेळणी न्हाईत मांडायची."

बसवेशची बायको जगदेवी तिथंच होती, मुलगी शिवांजलीही होती. त्यानंतर बापलेकांत गिटारीचा विषय निघाला नाही. दोराचा भाव, बाजार, पाहुणे, सगळं बोलायचे. तेवढं एक नाही. पण मला बसवेशनं सांगितलं होतं.

"काका, एक डाव ती पाटावर बसली पायजे. आप्पांच्या हातानं."

"मग शीक," मी म्हणालो.

आणि तो शिकला. हे मी मानतो, म्हणून तर लिहितो आहे. आधी त्यानं घरातलं सगळं काढून टाकलं. लाल गिटार, विजेची गिटार, अ‍ॅम्प, डब्या, सगळं परळीच्या नि माजलगावच्या पोरांना देऊन टाकलं. म्हणाला, एकच घ्यायची, खरी. ती आणायला पुण्याला गेला, मला सोबत नेलं.

दुकानात भिंतभर गिटारी टांगलेल्या. बसवेश एकेक उतरवून घेई, मांडीवर ठेवी, तोच एक तुकडा वाजवी आणि परत देई. दुकानातल्या पोरानं शिंपल्याची नक्षी केलेली एक पुढं केली. ती त्यानं वाजवून ठेवून दिली. सकाळची दुपार झाली, मी स्टुलावर बसून राहिलो. शेवटी त्यानं साधी, फिकट रंगाची, काहीच नक्षी नसलेली एक घेतली.

"हिच्यात काय हाय?" मी विचारलं.

"ह्या पयल्या सगळ्या प्लायच्या, काका. ही सलग लाकडाची. हिचं पोट आवाजाबरोबर हालतंय. हात लावून बघा."

त्यानं तार छेडली. मी तळवा ठेवला. खरंच हलत होतं.

पोरानं पिशवीत भरताना बजावलं, उन्हात ठेवू नका, पाणी लागू देऊ नका, कोरड्या फडक्यानं पुसा. लाकडावर रोगण पातळ आहे आणि आतून तर नाहीच. बसवेशनं घरी येऊन जगदेवीला सांगितलं, शिवांजलीला सांगितलं. बसप्पांना कोण सांगणार? त्यांच्या लेखी ती वस्तू घरात नव्हतीच.

मग दोन वर्षं तो रोज पहाटे गोदामात बसला. दोराच्या भेंडोळ्यांमध्ये पाट टाकून. पेडल नाही, मोबाइल नाही. एक सूर, मग पुढचा, चुकला की पहिल्यापासून. मी सकाळी पायरीवर यायचो तेव्हा ते चाललेलं असायचं. ऐकून कंटाळा यायचा. कामाचा आवाज कंटाळवाणाच असतो, हमालाला विचारा. पहिल्या उन्हाळ्यात बोटं सुजली, पुढं सालं निघाली, पावसाळ्यात घट्टे पडले. दुसऱ्या वर्षी तो बसप्पांचं मठातलं भजन बसवू लागला. ज्या पट्टीत ते गातात त्याच पट्टीत, पेटीला मिळवून. बाप गाईल आणि हा वाजवील, असा त्याचा मनातला बेत. एका दुपारी त्यानं ते मला सबंध वाजवून दाखवलं. कुठं अडलं नाही. मी म्हणालो, "झालं." एवढंच म्हणालो. त्याला ते पुरलं.

बसप्पांच्या ते लक्षात आलं नव्हतं असं नाही. त्या भाद्रपदात दोर कापताना त्यांनी बसवेशचा डावा हात धरला.

"हे बोटाला कशानं?"

"तारांनं, आप्पा."

बसप्पांनी एकेक बोट अंगठ्यानं दाबून पाहिलं. दोर वळणाऱ्यांचे हात त्यांनी जन्मभर पाहिलेत, घट्टा खरा की खोटा ते त्यांना कळतं. हात सोडला आणि गिऱ्हाइकाकडे वळले. मला वाटलं, आता मांडतील.

मांडली. नवमीच्या सकाळी बसवेश झेंडू आणायला मोटारसायकलवर परळीला गेला होता. मी पेठेत पोचलो तेव्हा दुकानाच्या दारात पाणी वाहत होतं. वजनं धुऊन रांगेत ठेवलेली, तराजू पालथा घातलेला. बसप्पा धोतर खोचून, बाह्या वर करून उभे. आणि बाजूला पत्र्यावर, उन्हात, गिटार उताणी. तिच्याखाली पाण्याचं थारोळं.

"ये सटवा. बघ," बसप्पा मला म्हणाले. आवाजात आनंद होता. "आतून बी धुतली. घागरीवानी पाणी भरलं अन् खळखळून काढलं. लई धूळ व्हती पोटात."

जगदेवी आतल्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. ती स्वयंपाकात होती, बाहेर आली तोवर झालं होतं. बोलून लाकडात मुरलेलं पाणी बाहेर येणार नव्हतं.

बसवेश आला. गाडी लावली, फुलांची पिशवी घेऊन वळला आणि थांबला.

"बघतूस काय?" बसप्पा म्हणाले. "वाळली की मधी मांडायची. माळ कर तिला. थोरली."

"हो, आप्पा."

"दोन सालं ऐकतोय मी. पत्रा हालत न्हाई आता. उद्या लोक सोनं घेऊन येत्याल. त्यांच्याम्होरं वाजीव. मी म्हणतो भजन."

बसवेश खाली बसला आणि झेंडू ओवू लागला. बसप्पांनी स्वतःच्या हातानं गिटार पाटावर मधोमध ठेवली, तिच्या पोटावर भस्माचे तीन पट्टे ओढले, हात जोडले. लेकानंही जोडले. ज्यासाठी त्यानं दोन वर्षं बोटं सोलली होती ते तेव्हा झालं. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही.

नवमीला हत्याराला हात लावत नाहीत, म्हणून दिवस निभला. दसऱ्याच्या सकाळी त्यानं ती उचलली. पोट फुगलं होतं, मागची फळी शिवणीतून उकलत होती. त्यानं तारा हळूहळू सुरात आणायला सुरुवात केली. करायला नको होतं हे त्यालाही कळत असेल. ज्या पट्टीला तारा अडकवतात ती काडकन उपटली, समोरची फळी उभी तडकली.

बसप्पा ओट्यावरून आत आले. "काय झालं?"

जगदेवी म्हणाली, "मामा, ते पाण्यानं..."

"डिंक खोटा व्हता," बसवेश मध्येच मोठ्यानं म्हणाला. "पुण्यात फसीवलं मला, आप्पा."

बसप्पांनी तुटलेली पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली. मग हसले. "पुण्याला जाऊन फसून आलास व्हय? दोराची पारख हाय तुला, लाकडाची न्हाई. मला न्यायचं व्हतं."

"न्यायला पायजे व्हतं," बसवेश म्हणाला.

संध्याकाळी लोक आपट्याची पानं घेऊन आले. बसप्पांनी येईल त्याला ती गोष्ट सांगितली. "आमच्या बसवेशला पुणेकरानं गंडवलं की. शिकला व्हता बरं का चांगला. पण हत्यारच फुसकं." लोक हसले. कुणी म्हणालं, "शेटजी, आता तंबोरा घ्या." बसवेश सगळ्यांना पेढा देत होता. पाया पडणाऱ्यांना वर उचलत होता.

दोन दिवसांनी मी विचारलं, "कावून खोटं बोललास बे?"

तो दोर मापत होता. मापून झाल्यावर म्हणाला, "आप्पांनी पयल्यांदा तिला हात लावला, काका. त्यो हात चुकला असं मी म्हणू?"

"मग नीट करून आण. नवी घे."

"अन् पुढल्या नवमीला? धुऊ नका म्हणून सांगायचं? सांगितलं की त्यांना समजंल, आधीची कशानं गेली ते."

मला हे पटलं नाही, अजून पटत नाही. बसप्पांना दोन दिवस वाईट वाटलं असतं, तिसऱ्या दिवशी ते स्वतः पुण्याला निघाले असते. ज्यानं जन्मभर दोर विकला त्याला नुकसान सोसत नाही असं होत नाही. लेकानं बापाला तेवढंही जोखलं नाही. आणि दोन वर्षांची मेहनत हसण्यावारी घालवली, वर ती खोटी ठरवून घेतली. पेठेत आज विचाराल तर सांगतील, बसवेश म्हणजे तो पुण्यात फसलेला. तो वाजवायचा कसा, हे मी आणि घरची माणसं सोडली तर कुणाला माहीत नाही.

पहाटे गोदाम बंद असतं. शिवांजली लातूरला शिकायला गेली. जाताना तिनं एकदा विचारलं, "बाबा, माझ्याकडचा मोबाइल विकून जुनी का होईना एक गिटार घेऊ?" तो म्हणाला, "अभ्यास कर."

गेल्या वर्षी नवमीला मी गेलो. वजनं धुऊन झाली होती. बसप्पांनी कोपऱ्यातली गिटार मागवली. जगदेवी म्हणाली, "मामा, मोडलीय ती, राहू द्या." बसप्पा म्हणाले, "असं कसं? पूजेला बसलेलं हत्यार उठवीत नसत्यात." आता त्यांचा हात थरथरतो, म्हणून बसवेशला दांडा धरायला सांगितलं. त्यानं डाव्या हातानं धरला. बोटं मला दिसत होती. घट्टे गेले होते, कातडी दुकानदाराची झाली होती.

बसप्पांनी तांब्या भोकात ओतला. भरेचना. पाणी तड्यातून खाली त्यांच्या पायावर सांडत होतं.

"गळतीय," बसप्पा म्हणाले.

"हो, आप्पा," बसवेश म्हणाला आणि दुसरा तांब्या भरून त्यांच्या हातात दिला.